डोकं लागत नाहीये, गोळी घेऊ का?

या अंकासाठी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत, लक्ष टिकत नाही, वाचलेलं राहत नाही, आणि कुणीतरी काहीतरी घ्यायला सुचवलंय. नूट्रोपिक, स्मार्ट ड्रग, ब्रेन बूस्टर, नावं बरीच आहेत. त्यातले पाच प्रश्न घेतलेत, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. मी औषधशास्त्र शिकवते, पेशंट तपासत नाही, त्यामुळे कुणाला डोस ठरवून देणार नाही, पण दुकानात पैसे द्यायच्या आधी काय माहीत हवं ते सगळं सांगेन. एक आधीच सांगून ठेवते म्हणजे पुढचं कळेल, कुठलीही गोष्ट घ्यायच्या आधी 'माझं लक्ष नक्की कशामुळे जातंय' याचं उत्तर हातात पाहिजे, ते नसेल तर तुम्ही अंदाजाने गोळी गिळताय, आणि या विषयात अंदाज महागात पडतो.

प्रश्न : ताई, मी लातूर जिल्ह्यातला, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करतोय. अभ्यासिकेत सकाळी ७ ते रात्री ११ बसतो. दुपारनंतर डोकं बधिर होतं, पानं उलटतात पण आत काही जात नाही. रोज तीन एनर्जी ड्रिंक होतात, चहा वेगळा. झोप साडेचार-पाच तास. अभ्यासिकेतले दोघंजण मोडाफिनिल घेतात, एका मेडिकलवाल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळते म्हणे. प्रिलिमपर्यंतच घेतली तर चालेल का?

बरं झालं घ्यायच्या आधी विचारलंस. उत्तर नको असंच आहे, पण नुसतं नको म्हटलं तर तू विचारशील की मग ते दोघं कसे बसतात रात्रभर, म्हणून नीट सांगते.

मोडाफिनिल हे झोपेच्या आजारांसाठीचं औषध आहे. नार्कोलेप्सी म्हणजे ज्यात माणूस दिवसाढवळ्या अचानक झोपी जातो, किंवा घोरताना श्वास अडकून रात्रीची झोप मोडते तो स्लीप अ‍ॅप्निया, किंवा रात्रपाळीमुळे झालेला झोपेचा विकार, यासाठी डॉक्टर ते देतात. ते माणसाला जागं ठेवतं, यात खोटं काही नाही. न झोपलेल्या माणसाला तर फरक लगेच जाणवतो. पण जागं असणं आणि चांगला विचार करणं यात केवढा फरक आहे बघ, मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, १८ ते ३५ वयाच्या ४० निरोगी लोकांना मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट, डेक्सअ‍ॅम्फेटामिन ही तीन तरतरी आणणारी औषधं आणि नुसती खोटी गोळी अशा आळीपाळीने दिल्या आणि अवघड कोडी सोडवायला बसवलं, ठरावीक वजनात जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू कशा बसवायच्या अशा प्रकारची. औषध घेतलेले लोक जास्त वेळ झटले, जास्त हालचाली केल्या, पण त्या हालचालींचा दर्जा घसरला, आणि जे खोट्या गोळीवर सगळ्यात चांगले होते त्यातले बरेचसे औषधावर सरासरीच्याही खाली गेले. आता तुझा पेपर आठव, चार पर्यायांपैकी दोन सारखेच वाटतात आणि चुकलं तर मार्क कापतात. तिथे जास्त जोर लावून काय मिळणार, तिथे शांतपणे एक पर्याय खोडायची ताकद लागते.

हे पण सांगते की काही जुन्या अभ्यासांचा आढावा घेतल्यावर निरोगी माणसांत गुंतागुंतीच्या कामांत थोडा फायदा दिसलाय. थोडा, आणि तोही प्रयोगशाळेतल्या एकेका डोसवर. पाठांतरासाठी मात्र ठोस असं काही हाती आलेलं नाही, आणि तुला तर पाठांतरच हवंय.

आता शरीराचं. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण १२ ते १५ तास लागतात, म्हणजे सकाळी ८ला घेतलेल्या गोळीचा अर्धा भाग रात्री १०-११लाही अंगात आहे. तुझी आधीच साडेचार तासांची झोप, ती अजून पातळ होणार. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते झोपेत, त्यामुळे झोप कापून अभ्यास वाढवणं म्हणजे वाचायचं जास्त आणि राहायचं कमी. डोकेदुखी, धडधड, बेचैनी हे नेहमीचे त्रास. क्वचित अंगावर पुरळ येऊन कातडी सोलवटण्यापर्यंत जाणारी स्टीव्हन्स-जॉन्सन नावाची गंभीर रिअ‍ॅक्शन होते, त्यात जीव जाऊ शकतो, त्यामुळे ज्यांनी घेतली असेल त्यांना सांग की पुरळ, तोंडात फोड किंवा ताप दिसला तर गोळी तिथेच बंद आणि ताबडतोब हॉस्पिटल. आणि तुमच्या अभ्यासिकेतल्या मुलींपर्यंतही एक गोष्ट पोचव, मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, बंद केल्यावरही महिनाभर. हे चिठ्ठीशिवाय विकणारा माणूस कुणाला सांगत नाही, आणि मला राग येतो तो याचाच, कारण चिठ्ठी मागितली असती तर डॉक्टरने हे विचारलं असतं.

आता तुझ्या कॅन्सचा हिशेब. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॅफीनवाल्या पेयात लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन चालत नाही, म्हणजे अडीचशे मिलीच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त ७५. तीन कॅन म्हणजे सव्वादोनशेपर्यंत, वर चार-पाच कटिंग. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत साधारण चालतं म्हणतात, तू त्याच्या आसपास घुटमळतोयस, पण खरी गडबड वेळेची आहे. कॅनवरच लिहिलेलं असतं दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नको, वाचून बघ. कॅफीन अंगातून निम्मं व्हायला ५ तासांच्या आसपास लागतात, कुणाला कमी कुणाला जास्त. रात्री ९चा कॅन रात्री २लाही अर्धा शिल्लक आहे. एका प्रयोगात झोपायच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं तरी लोकांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली. कॅफीन थकवा घालवत नाही, थकव्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही, अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य जिथे जाऊन बसतं ती जागा ते अडवतं, आणि अ‍ॅडेनोसिन तिकडे साठतच राहतं.

तर हे कर. कॅन दुपारी १नंतर बंद, आणि एकदम तिन्ही नको, आठवड्याला एक कमी कर, नाहीतर डोकं ठणकेल. झोप ७ तासांवर ने, पहिल्या आठवड्यात अभ्यासाचे तास कमी झाले म्हणून भीती वाटेल, तरी ने. आणि वाचायची पद्धत बदल, कारण दुपारी पानं उलटतात आणि आत काही जात नाही याचं अर्धं कारण तिथे आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला, काहींना उतारा पुन्हापुन्हा वाचायला दिला आणि काहींना एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्ट पुढे गेले. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाहीये. त्यामुळे सकाळी वाच, दुपारी जेव्हा डोकं जड असतं तेव्हा नवीन वाचायला घेऊ नकोस, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर सकाळचं उतरव, किंवा आयोगाचे जुने पेपर घड्याळ लावून सोडव. मोबाईल अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये, टेबलावर उलटा ठेवलेलाही नको.

आणि मेसचा डबा. तू लिहिलं नाहीस पण विचारते, अंडी, दूध, दही पोटात जातं का? बी-१२ हे जीवनसत्त्व फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं, आणि दोन वेळची पोळी-भाजी-वरण-भात खाऊन तीन वर्षं काढलेल्या मुलांत ते कमी निघणं काही विशेष नाही. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी आणि बी-१२ एकदा करून घे. कमी निघालं तर त्यावरचे उपचार स्वस्त आहेत आणि तुझ्या बधिर डोक्यावर कुठल्याही स्मार्ट ड्रगपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

तुझ्यावर घरच्यांच्या अपेक्षांचं ओझं असेल, वय वाढतंय याची धास्ती असेल. ते सहन होत नसेल, रात्री भलतेसलते विचार येत असतील तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. लावायला कसलाही कमीपणा नाही.

प्रश्न : मी ३४ वर्षांची, हिंजवडीत आयटीत आहे, संध्याकाळी यूएस टीमबरोबर कॉल असतात. ऑनलाइन जाहिरात बघून 'नूट्रोपिक स्टॅक' मागवलं, महिन्याचे दोन हजार. ब्राह्मी, अश्वगंधा, जिंको, एल-थिॲनिन, कॅफीन असं बरंच काही आहे. महिना झाला, फरक शून्य. चालू ठेवू का? मला थायरॉइडची गोळी चालू आहे आणि केसांसाठी बायोटिन घेते.

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यात अर्धं उत्तर आहे, त्याकडे येतेच. आधी डबी हातात घ्या.

मागे 'प्रोप्रायटरी ब्लेंड ८०० मिलिग्रॅम' असं लिहून पुढे नुसती नावं दिलीयत का? भाजीवाल्याने पिशवी न उघडता एक किलो मिक्स भाजी म्हणून पैसे मागावेत तसं झालं ते, आत मटार किती आणि देठं किती कळायला मार्ग नाही. ज्या डबीवर प्रत्येक घटकाचं वेगळं वजन नाही ती घेऊ नये, हा माझा सरळ नियम आहे. मग एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी लायसन्स नंबर बघा, आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं छापलेलं बघा, ते कायद्याने छापावं लागतं, आणि जाहिरातीत काहीही म्हटलं असलं तरी हे आजारावरचं औषध नाही असाच त्याचा अर्थ.

ब्राह्मीचं म्हणाल तर या सगळ्यात तिच्यावरचा अभ्यास त्यातल्या त्यात बरा आहे. पण ज्या अभ्यासांत आठवणशक्तीत थोडी सुधारणा दिसली त्यात साधारण रोज ३०० मिलिग्रॅम प्रमाणित अर्क होता आणि तोही १२ आठवडे, म्हणजे महिन्याभरात फरक शून्य येणं अपेक्षितच होतं. शिवाय आपल्याकडे ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, एक बॅकोपा मोनिएरी आणि दुसरी मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका, अभ्यास झालेत ते मुख्यतः बॅकोपावर. लेबलवर शास्त्रीय नाव नसेल तर तुम्ही काय खाताय हे तुम्हाला माहीतच नाही. पोट बिघडणं, मळमळ हा तिचा नेहमीचा त्रास, म्हणून जेवणानंतर घ्यायची.

थिॲनिन हे चहाच्या पानातलं द्रव्य आणि कॅफीन एकत्र घेतल्यावर लक्ष थोडं सुधारतं असं छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण त्यातलं कॅफीन संध्याकाळच्या कॉलच्या आधी पोटात गेलं तर रात्रीचं गणित तुम्हाला वर कळलंच असेल.

आता अश्वगंधा, आणि इथे तुमच्यासाठी मी ठाम आहे, बंद करा. अश्वगंधेने थायरॉइड हार्मोनचं प्रमाण वाढू शकतं, आणि तुम्ही ते हार्मोन गोळीतून घेताच आहात, म्हणजे तुमच्या डॉक्टरने जुळवलेला डोस तुम्हाला न कळता हलतो. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, कमी आहेत पण आहेत, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टरकडे जायचं. डेन्मार्कने तर २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे हे मान्य, मी पण त्याच घरातली आहे, पण वैद्याने नाडी बघून ठरावीक दिवस दिलेलं चूर्ण आणि रोज न संपणारी कॅप्सूल यात फरक आहे.

आणि बायोटिन. मोठ्या डोसमधलं बायोटिन रक्ताच्या थायरॉइड टेस्टमध्ये ढवळाढवळ करतं, रिपोर्ट चुकीचा येतो. त्यामुळे निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवून, लॅबला सांगून, टीएसएच परत करा. त्याच वेळी फेरिटिनही करा. हिमोग्लोबिन नॉर्मल असून लोहाचा साठा रिकामा असू शकतो, पाळीत रक्त जास्त जात असेल तर नक्कीच बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१च्या, देशातल्या १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायका अ‍ॅनिमिक निघाल्या, आणि त्यातल्या कितीतरी जणी 'हल्ली लक्षच लागत नाही' एवढंच म्हणत असतात. थायरॉइडची गोळी घेतल्या घेतल्या कॉफी पिता का? अर्धा-पाऊण तास थांबा, कॉफीने गोळी नीट शोषली जात नाही, आणि लोह किंवा कॅल्शियम चालू झालं तर त्या गोळीपासून चार तास लांब.

हे सगळं सरळ झाल्यावरही एखादी गोष्ट घेऊन बघायचीच असेल तर एका वेळी एकच घ्या, सुरू केल्याची तारीख आणि बंद करायची तारीख दोन्ही आधी लिहा, आणि फरक कशावर मोजणार तेही आधी ठरवा, उदाहरणार्थ संध्याकाळच्या कॉलनंतर मिनिट्स लिहायला किती वेळ लागतो. पाच गोष्टी एका कॅप्सूलमध्ये घेऊन फरक पडला तरी कशाने, त्रास झाला तरी कशाने, काहीच कळत नाही.

प्रश्न : रील्स बघून बघून लक्षात आलं की मला एडीएचडी आहे. वय २९, बाणेर. मित्र अमेरिकेतून येतोय, त्याला अ‍ॅडरॉल आणायला सांगू का?

नको, अजिबात नको, आणि मित्रालाही अडचणीत टाकू नकोस. त्यात अ‍ॅम्फेटामिन आहे, ते आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, विमानतळावर सापडलं तर ती गोष्ट औषधापुरती राहत नाही. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे मिळतं पण तेही शेड्यूल एक्सचं औषध आहे, मानसोपचारतज्ज्ञाने दोन प्रतींत चिठ्ठी द्यायची आणि एक प्रत केमिस्टने स्वतःकडे ठेवायची इतकी कडक व्यवस्था आहे, आणि ती योग्यच आहे.

पण तुझी शंका मी उडवून लावणार नाहीये. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, चळवळेपणा जात नाही असा विकार, तो मोठ्यांमध्येही असतो, लहानपणी कुणाच्या लक्षात आलेला नसतो, हुशार म्हणून निभावून गेलेलं असतं, आणि नोकरी लागल्यावर बिलं, डेडलाइन, नाती सगळंच एकदम सुटायला लागतं. खरा एडीएचडी असेल तर औषधाने आयुष्य बदलतं, त्यात लाज कसली. फक्त निदानासाठी एक महत्त्वाची अट आहे, लक्षणं वयाच्या १२व्या वर्षाच्या आधीपासून दिसलेली असायला हवीत, आणि एकाच ठिकाणी नाही, घरी पण आणि शाळेत पण. म्हणून अपॉइंटमेंटला जाताना आईला विचारून ये, शाळेची प्रगतिपुस्तकं मिळाली तर घेऊन जा, त्यावरचे बाईंचे शेरे, 'हुशार आहे पण लक्ष देत नाही', 'वह्या अपूर्ण', हे डॉक्टरला फार उपयोगी पडतात. त्रास जर गेल्या दोन वर्षांतच सुरू झाला असेल तर कारण दुसरं असण्याची शक्यता जास्त, झोप, चिंता, डिप्रेशन, थायरॉइड, दारू किंवा गांजा, किंवा दिवसाचे चार तास रील्स. डॉक्टर हे सगळं विचारतील तेव्हा खरं सांग. मित्राच्या डबीतली गोळी घेऊन 'बघ मला फोकस झाला म्हणजे एडीएचडी आहे' असं निदान होत नाही, कारण ती गोळी निरोगी माणसालाही तरतरी देते.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा, सहकारनगर. नावं आठवत नाहीत, पेपर वाचताना लक्ष उडतं. पर्वतीवर फिरायला येणाऱ्या स्नेह्यांनी जिंकोच्या गोळ्या सुचवल्या. मला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन १० वर्षं चालू, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन, आणि झोपेसाठी अधूनमधून सर्दीची गोळी घेतो, तिने झोप छान लागते.

काका, जिंको, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, घेऊ नका. अ‍ॅस्पिरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आणि फायदाही दिसलेला नाही, अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३००० हून जास्त लोकांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम जिंको किंवा खोटी गोळी अशी काही वर्षं देऊन बघितली, २००८ साली निकाल आला, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश रोखण्यात काहीही फरक नाही.

तुम्ही जी यादी दिलीत त्यातच मला दोन संशयित दिसतायत. पहिली ती सर्दीची गोळी. जुन्या पद्धतीच्या, झोप आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य दाबतात, आणि आठवण, लक्ष हे त्याच्यावरच चालतं. उतारवयात तर या गोळ्या शक्यतो टाळाव्यात असंच सांगतात, विसराळूपणा, तोल जाणं, लघवी अडकणं, सगळं होतं त्याने. झोपेसाठी ती घेणं थांबवा आणि झोपेबद्दल वेगळं बोला डॉक्टरांशी.

दुसरं मेटफॉर्मिन. चांगलं औषध आहे, मनाने बंद करू नका. पण वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी करतं, आणि तुम्ही शाकाहारी असाल तर दोन्हीकडून मार. बी-१२ आणि मेंदू यावर आपल्या पुण्यातच फार मोठं काम झालंय याचा मला अभिमान वाटतो. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, त्यात जवळजवळ दोन तृतीयांश आयांचं बी-१२ कमी निघालं. पुढे त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर बौद्धिक चाचण्या घेतल्या, आणि ज्या आयांचं बी-१२ कमी होतं त्यांची मुलं लक्ष टिकवायच्या आणि आकडे लक्षात ठेवायच्या चाचणीत मागे पडली. म्हणजे हे जीवनसत्त्व आपल्या भागात पोटापासूनच कमी आहे. तुमचं वय, तुमचं औषध, तपासायलाच हवं. हातापायाला मुंग्या येत असतील तर उद्याच.

तिसरं तुम्ही लिहिलेलं नाही, ऐकू कसं येतं? टीव्हीचा आवाज वाढवता का? ऐकू कमी आलं की नाव मुळात नीट पोचतच नाही, मग ते आठवणार कुठून. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यात बहिरेपण आहे, मधुमेह आणि रक्तदाब पण आहेत.

नाव थोड्या वेळाने आठवतं की आठवतच नाही, रोजचा रस्ता चुकतो का, हिशेब चुकायला लागलेत का, तेच तेच परत विचारता का, हे काकूंना विचारा, कारण आपलं आपल्याला कळत नाही. असं काही असेल तर न्यूरोलॉजिस्टकडे जायला उशीर करू नका. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत घाला, ती सर्दीची गोळीसुद्धा, आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे, वर्क फ्रॉम होम करते. चहा-कॉफीशिवाय डोकं चालत नाही, सासूबाई म्हणतात दोन्ही बंद. किती चालते? आणि त्याऐवजी ब्राह्मी-अश्वगंधा घेऊ का?

पूर्ण बंद करायची गरज नाही, दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत राहा. कडक फिल्टर कॉफीचा एक मोठा कप शंभरच्या आसपास जातो, चहा ३० ते ५०, म्हणजे एक कॉफी आणि एक-दोन चहा एवढ्यात बसतं, चॉकलेट आणि कोलाही त्यातच धरा. गरोदरपणात कॅफीन अंगात नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ राहतं, त्यामुळे सकाळीच संपवा. आणि जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, लोह शोषलं जात नाही, तासभर अंतर ठेवा.

ब्राह्मी, अश्वगंधा, थिॲनिनच्या कॅप्सूल, एनर्जी ड्रिंक, यातलं काहीच आत्ता घेऊ नका, बाळ अंगावर पीत असेल तोपर्यंतही नको. पाचव्या महिन्यात डोकं जड राहत असेल तर पुढच्या व्हिजिटला हिमोग्लोबिन आणि टीएसएचचे आकडे स्वतः विचारून घ्या, आणि दुपारी वीस मिनिटं आडवं व्हायला ऑफिसच्या कॅलेंडरवर वेळ ब्लॉक करून टाका.